पायऱ्या चढवणारा माणूस

२००२ चा एप्रिल संपत आला होता आणि स्कॉटलंडमधला एक सव्वाशे वर्षांचा फुटबॉल क्लब शेवटच्या घटका मोजत होता. एअरड्री हे ग्लासगोच्या पूर्वेचं जुनं कोळसा-लोखंडाचं गाव. त्याचा क्लब एअरड्रीओनियन्स, १८७८ सालचा. २७ एप्रिलला हंगामातला शेवटचा सामना किनाऱ्यावरच्या एअर गावी होता. एअरड्रीचे समर्थक सामना चालू असताना मैदानात घुसले, गोलपोस्टची आडवी दांडी त्यांनी मोडली आणि पंचांना सामना सोडून द्यावा लागला. काही दिवसांतच क्लबचं दिवाळं वाजलं आणि तो बंद झाला. हाच संघ त्या वर्षी फर्स्ट डिव्हिजनमध्ये दुसरा आला होता. त्या डिव्हिजनमध्ये सर्वांत जास्त गोलही त्याच्याच स्ट्रायकरनं मारले होते. २३ गोल. त्याचं नाव ओवेन कॉइल, वय ३५.

एअरड्रीच्या लोकांना फुटबॉलशिवाय राहवेना. जवळच्याच क्लाइडबँकचा क्लबही कर्जात बुडाला होता. तो विकत घेऊन, त्याचं नाव बदलून एअरड्री युनायटेड असा नवा क्लब उभा करण्यात आला. एअरड्री वाचलं, पण क्लाइडबँक लीगमधून पुसलं गेलं. क्लाइडबँककडूनही कॉइल खेळला होता. म्हणजे एका उन्हाळ्यात त्याचे दोन क्लब गेले. लीगमध्ये रिकामी झालेली जागा भरायला इंग्लंडच्या सीमेवरचं एक चिमुकलं गाव निवडलं गेलं: ग्रेटना. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे युरोपचं फुटबॉल पाहणारे लाखो आहेत, पण ते बघतात ते वरचं. लिव्हरपूल, बार्सिलोना, फार तर सेल्टिक आणि रेंजर्स. त्याखाली जे पसरलंय त्याची आपल्याला गंधवार्ताही नसते. स्कॉटलंडची वस्ती पन्नास-पंचावन्न लाखांची, मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. आणि तिथे चार डिव्हिजनमध्ये मिळून बेचाळीस क्लब खेळतात. खालच्या डिव्हिजनमधले बरेच खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात सराव करतात. तिकिटांच्या पैशांतून बसचं भाडं निघालं तरी खजिनदार खूश असतो. या मातीत जे कोच तयार होतात, त्यांना एक गोष्ट पक्की कळलेली असते. हाताशी आहेत तीच माणसं, त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचं. ओवेन कॉइल त्यांच्यातला. मला त्याच्याविषयी लिहावंसं वाटलं, कारण हे शहाणपण घेऊन तो पुढे आपल्या दाराशी आला, गोव्याच्या मैदानांवर उभा राहिला, आणि त्याची पुरेशी दखल आपण घेतली नाही.

कॉइलचा जन्म १९६६ चा, ग्लासगोलगतच्या पेझलीचा. काश्मिरी शालींवरची कोयरी उचलून तशाच शाली मागावर विणणारं आणि त्यावर श्रीमंत झालेलं हे गाव. घराणं मूळचं आयरिश. भाऊही फुटबॉल खेळणारे. १९८५ मध्ये तो डम्बार्टनला लागला. क्लाइड नदीच्या मुखाशी, एका प्रचंड खडकाखालचं हे गाव. १८९१ मध्ये स्कॉटलंडची पहिलीवहिली लीग झाली तेव्हा डम्बार्टन आणि रेंजर्स संयुक्त विजेते ठरले, आणि दुसऱ्या वर्षी डम्बार्टननं एकट्यानं जिंकली. त्यानंतर पुन्हा कधीच नाही. कॉइल तिथे गेला तेव्हा ते वैभव इतिहासजमा होऊन नव्वद वर्षं उलटली होती.

मग क्लाइडबँक, मग एअरड्री. एअरड्री १९९१ मध्ये वर चढलं आणि १९९२ मध्ये स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात रेंजर्सकडून २-१ नं हरलं. १९९३ मध्ये कॉइल इंग्लंडला बोल्टनकडे गेला. १९९४ मध्ये नेदरलँड्सविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून आयर्लंडचा आंतरराष्ट्रीय खेळाडू झाला. तो त्याचा पहिला आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. जगाच्या हिशेबात ही कारकीर्द मध्यमच म्हणायची. पण तिच्यात एक धागा आहे. १९९५ च्या मे महिन्यात वेम्बलीवर बढतीचा निर्णायक सामना होता. रेडिंगविरुद्ध बोल्टन ०-२ नं मागे. रेडिंगची एक पेनल्टीही वाया गेली होती, नाहीतर सामना तिथेच संपता. उत्तरार्धात कॉइलनं पहिला गोल परत केला, आणि जादा वेळेत बोल्टननं ४-३ असा सामना काढला. बरोबर एक वर्षानं, आता डंडी युनायटेडच्या शर्टात, पार्टिक थिसलविरुद्ध पुन्हा बढतीचाच सामना. शेवटच्या मिनिटाला बरोबरी, आणि जादा वेळेत विजयी गोल कॉइलचा. २००० मध्ये डनफर्मलिनबरोबर पुन्हा बढती. वरच्या डिव्हिजनमध्ये फार काळ टिकण्याची कुवत कदाचित त्याच्यात नव्हती. पण खालून वर जाण्याच्या त्या अरुंद जागेत, जिथे बहुतेकांचे पाय लटपटतात, तिथे त्याला गोल सापडायचा.

एअरड्री बुडाल्यावर तो फॉलकर्कला गेला. तिथे जानेवारी २००३ मध्ये व्यवस्थापक दुसरीकडे निघून गेला, आणि हंगामाच्या मध्यात जॉन ह्यूज आणि कॉइल या दोघांवर मिळून संघ सोपवण्यात आला. दोघेही अजून खेळत होते. कॉइलनं त्या हंगामात २० लीग गोल मारले आणि फॉलकर्कनं डिव्हिजन जिंकली. पण बढती मिळाली नाही! वरच्या लीगच्या नियमानुसार स्टेडियममध्ये दहा हजार खुर्च्या असायला हव्या होत्या, आणि फॉलकर्कच्या जुनाट ब्रॉकव्हिलमध्ये त्या नव्हत्या. कोच म्हणून त्याची पहिली ओळख झाली ती या धड्यानं: मैदानावर जिंकूनही माणूस कागदावर हरू शकतो.

२००५ मध्ये पर्थच्या सेंट जॉनस्टन क्लबनं त्याला पूर्ण जबाबदारी दिली. नोव्हेंबर २००६ मध्ये या दुसऱ्या दर्जाच्या संघानं ग्लासगोत जाऊन रेंजर्सला त्यांच्याच आयब्रॉक्सवर लीग कपमध्ये २-० नं हरवलं. दोन्ही कपांत ते उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. आणि लीगमध्ये शेवटच्या दिवसापर्यंत पहिल्या जागेसाठी झुंजत राहिले. समोर होतं ग्रेटना. एअरड्रीच्या रिकाम्या जागेवर लीगमध्ये आलेलं तेच गाव. ब्रुक्स माइल्सन या धनिकाच्या पैशावर त्यांनी आधीच्या दोन हंगामांत ओळीनं एकेक डिव्हिजन ओलांडली होती आणि २००६ मध्ये स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात हार्ट्सला पेनल्टी शूटआऊटपर्यंत खेचलं होतं.

२८ एप्रिल २००७. सेंट जॉनस्टननं हॅमिल्टनमध्ये जाऊन ४-३ असा सामना जिंकला. शिट्टी वाजली तेव्हा उत्तरेत डिंगवॉलला रॉस काउंटी विरुद्ध ग्रेटना अजून चालूच होता, २-२. तसाच संपला असता तर विजेतेपद पर्थचं. हॅमिल्टनच्या गवतावर खेळाडू आणि गॅलरीत समर्थक तिकडच्या बातमीकडे कान लावून होते. भरपाईच्या वेळेत ग्रेटनाच्या जेम्स ग्रेडीनं गोल केला. ६६ विरुद्ध ६५ गुण. तेव्हा फक्त विजेत्यालाच वर जागा होती. दुसऱ्याला आणखी एक संधी देणारे सामने त्या डिव्हिजनमध्ये नव्हते. ग्रेटना वरच्या लीगमध्ये एकच वर्ष जगलं. माइल्सन आजारी पडला, पैसा थांबला, आणि २००८ च्या उन्हाळ्यात क्लबच नाहीसा झाला. सेंट जॉनस्टनला वर जायला २००९ उजाडलं, तेही दुसऱ्या कोचच्या हाताखाली. कॉइलच्या जागी दुसरा कोणी असता तर या एका गोलानं कडवट झाला असता. तो मात्र नोव्हेंबरमध्ये बॅगा भरून इंग्लंडला गेला, आणि तिथे त्यानं जे केलं ते मला त्याच्या आयुष्यातलं सर्वोत्तम काम वाटतं.

बर्नली हे लँकशायरमधलं कापड गिरण्यांचं गाव. लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास. गिरण्या केव्हाच बंद पडल्या. आपल्या गिरणगावातल्या कोणाही माणसाला त्या गल्ल्या ओळखीच्या वाटतील. १९२१ आणि १९६० मध्ये इंग्लंडची लीग जिंकलेला हा क्लब १९७६ नंतर पहिल्या वर्गात खेळलेला नव्हता. १९८७ मध्ये तर लीगमधूनच हद्दपार होता होता वाचला होता. २००८-०९ च्या हंगामाचा पहिलाच सामना ते ४-१ नं हरले. पुढे त्या लहानशा चमूनं एका हंगामात ६१ सामने खेळले.

त्यातले काही सामने सांगायलाच हवेत. लीग कपमध्ये चेल्सीला चेल्सीच्याच मैदानावर पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवलं. मग आर्सेनलला २-०. उपांत्य फेरीत टॉटनहॅम. पहिला सामना लंडनमध्ये १-४ असा गेला आणि सगळ्यांनी विषय संपला असं धरलं. परतीच्या सामन्यात, जानेवारीच्या थंडीत, बर्नलीनं नव्वद मिनिटांत तीन गोल मारले. एकूण ४-४. जादा वेळ संपेपर्यंत गोल झाला नसता तर परक्या मैदानावरच्या गोलाच्या नियमानं बर्नली अंतिम फेरीत गेलं असतं. ११८ व्या मिनिटाला पावल्युचेन्कोनं गोल केला, लगोलग डेफोनं दुसरा. दोन मिनिटांनी वेम्बली हुकलं. अशा रात्रीनंतर संघ ढासळतात. हा संघ मे महिन्यात बढतीच्या अंतिम सामन्यासाठी वेम्बलीवर हजर होता. वेड एलियटच्या गोलनं शेफील्ड युनायटेड १-० नं हरलं आणि तेहतीस वर्षांनी बर्नली वर गेलं.

या संघात ग्रॅहम अलेक्झांडर नावाचा एक खेळाडू होता. स्कन्थॉर्प, ल्यूटन, प्रेस्टन असं खालच्या डिव्हिजनमध्येच त्याचं आयुष्य गेलेलं. प्रीमियर लीगमधला पहिला सामना तो वयाच्या ३७ व्या वर्षी खेळला. कॉइलचे संघ अशा माणसांचे असत. दुसऱ्यांनी ज्यांच्यावर काट मारली, किंवा ज्यांच्याकडे कधी पाहिलंच नाही, त्यांचे. दारूच्या थेंबालाही न शिवणारा हा माणूस सरावात स्वतः बूट घालून पोरांबरोबर खेळायचा. १९ ऑगस्ट २००९ ला बर्नलीचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना होता, समोर गतविजेते मँचेस्टर युनायटेड. रॉबी ब्लेकच्या व्हॉलीवर बर्नलीनं तो १-० नं जिंकला, गोलरक्षक येन्सननं कॅरिकची पेनल्टी अडवली. मात्र परक्या मैदानांवर हाच संघ हतबल व्हायचा. जानेवारीपर्यंत बाहेर त्यांना एकच गुण मिळाला होता. हे कॉइलचं खरं उणेपण होतं आणि त्याच्या नंतरच्या अपयशांत ते पुन्हा दिसतं: उसळी मारायला तो शिकवू शकत होता, वर पोहोचल्यावर चिवटपणे दार लावून बसायला नाही.

आणि मग जानेवारी २०१० मध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना, तो बोल्टनला निघून गेला. बर्नली तेव्हा चौदावं होतं. मे महिन्यात ते खाली घसरलं. बर्नलीच्या लोकांनी त्याला गद्दार म्हटलं, आणि मला त्यांचा राग समजतो. बोल्टन त्याचा जुना क्लब होता, पैसा जास्त होता, स्थैर्याची आशा होती, हे सगळं खरं. तरीही ज्या गावानं तेहतीस वर्षं वाट पाहिली, त्याला निदान मे महिन्यापर्यंत साथ द्यायला हवी होती.

बोल्टनमध्ये त्यानं संघ वाचवला, २०११ मध्ये एफए कपच्या उपांत्य फेरीपर्यंत नेला आणि तिथे स्टोककडून ०-५ असा मार खाल्ला. १७ मार्च २०१२ ला टॉटनहॅमच्या मैदानावर त्याचा तेवीस वर्षांचा खेळाडू फॅब्रिस मुआम्बा धावता धावता कोसळला. त्याचं हृदय ७८ मिनिटं बंद होतं. प्रेक्षकांतून एक हृदयरोगतज्ज्ञ धावत मैदानात आला. कॉइल आणि कर्णधार केव्हिन डेव्हिस रुग्णवाहिकेतून मुआम्बाबरोबर गेले. पोरगा वाचला, फुटबॉल मात्र सुटलं. त्या वसंतात बोल्टन एका गुणानं खाली गेलं. ऑक्टोबरमध्ये कॉइलला काढलं.

पुढची काही वर्षं भरभर सांगून टाकतो, कारण ती तशीच गेली. विगनमध्ये सहा महिने. अमेरिकेत ह्यूस्टन. मग ब्लॅकबर्न, तिथून फेब्रुवारी २०१७ मध्ये हकालपट्टी आणि क्लबची घसरण. मग स्कॉटलंडमध्ये रॉस काउंटी, तिथेही संघ तळाला असताना मार्च २०१८ मध्ये निरोप. इंग्लिश वर्तमानपत्रांच्या लेखी हा माणूस संपलेला होता.

डिसेंबर २०१९ मध्ये तो चेन्नईला आला.

इंडियन सुपर लीगची सुरुवातच मोठ्या नावांनी झाली होती. एफसी गोवाकडे झिको, चेन्नईयिनकडे मातेराझी, मुंबई सिटीत अनेल्का खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दोन्ही भूमिकांत. नावं वाईट नव्हती. मातेराझीनं २०१५ मध्ये विजेतेपद मिळवून दिलं. पण आपल्या खेळाडूंना ज्याची गरज होती ती गोष्ट वेगळी होती. ज्याला प्रत्येक सामन्यात दहा जगप्रसिद्ध साथीदार मिळाले, त्याला अर्ध्या क्षमतेच्या, बिचकलेल्या संघाचं काय करायचं हे कसं कळणार? डम्बार्टनहून आलेल्याला ते कळतं.

चेन्नईयिननं पहिल्या सहा सामन्यांत एकच जिंकला होता आणि संघ दहांत नववा होता. कॉइलनं नवे खेळाडू आणून क्रांती केली नाही. होते त्यांनाच पुढे ढकललं, लवकर चेंडू पुढे द्या, धावा, चुकलात तरी पुन्हा धावा. मिझोरमचा लालियानझुआला छांगटे तेव्हा वेगासाठी ओळखला जाई आणि हुकवलेल्या संधींसाठीही. त्या हंगामात त्यानं सात गोल केले. लिथुआनियाचा व्हाल्स्किस १५ गोल करून लीगमध्ये अव्वल ठरला. संघ चौथा आला. उपांत्य फेरीत एफसी गोवाला चेन्नईत ४-१ नं हरवलं, फातोर्ड्याला २-४ नं हरले, आणि एकूण ६-५ नं पुढे गेले. अंतिम सामनाही फातोर्ड्यालाच, १४ मार्च २०२०. करोना दारात आला होता आणि स्टेडियममध्ये एकही प्रेक्षक नव्हता. एटीकेनं तो ३-१ नं जिंकला.

पुढचे दोन हंगाम अख्खी लीग गोव्यातच झाली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, आणि संघ महिनोन्महिने हॉटेलांत बंद. कॉइल आता जमशेदपूरकडे होता. पहिल्या वर्षी संघ सहावा आला. त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता, सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला. कोल्हापूरकरांना या कोचची रीत परकी वाटली नसती. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे संघ भिडतात तेव्हाही वैभव फारसं नसतं, आणि तरी हजारो लोक आवाज बसेपर्यंत ओरडतात.

दुसऱ्या वर्षी, २०२१-२२ मध्ये, कॉइलनं स्कॉटलंडहून एक माणूस आणला. ग्रेग स्टुअर्ट. कारकिर्दीची पहिली वर्षं त्यानं काउडनबीथ या फाईफमधल्या खाणकामगारांच्या क्लबात काढली होती. रेंजर्सपर्यंत पोहोचून तो तिथून बाजूला पडला होता. बचावफळीत कर्णधार पीटर हार्टली, इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजन पायाखाली घातलेला. या दोघांभोवती ऋत्विक दास, बोरिस सिंग, जितेंद्र सिंग अशी आपली पोरं. जमशेदपूरनं सलग सात सामने जिंकले, तो तेव्हा लीगचा विक्रम ठरला. शेवटच्या साखळी सामन्यात, ७ मार्च २०२२ ला, एटीके मोहन बागानला १-० नं हरवून २० सामन्यांत ४३ गुणांसह त्यांनी साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळणारी शील्ड जिंकली. गोल ऋत्विक दासचा. क्लबचा हा पहिलाच करंडक. स्टुअर्टनं दहा गोल केले आणि दहा करून दिले, आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उपांत्य फेरीत केरळनं त्यांना अडवलं, पण वीस सामन्यांची शील्ड ही जास्त कठीण परीक्षा असं माझं मत आहे.

पुढच्या हंगामात, २०२२-२३ मध्ये, शील्ड मुंबई सिटीनं जिंकली. त्या संघाच्या आक्रमणात ग्रेग स्टुअर्ट होता आणि छांगटे होता. छांगटे त्या वर्षी देशाचा सर्वोत्तम फुटबॉलपटूही ठरला. अंधेरीच्या स्टेडियममध्ये ज्यांनी त्या दोघांचा खेळ पाहिला त्यांनी कॉइलच्या कामाचा काही भाग पाहिला, नाव माहीत असो वा नसो.

तो स्वतः तेव्हा ग्लासगोत होता, क्वीन्स पार्कमध्ये. १८६७ चा हा स्कॉटलंडमधला सर्वांत जुना क्लब. खेळाडूंना पैसे द्यायचे नाहीत हे व्रत त्यांनी २०१९ पर्यंत पाळलं होतं. नुकतेच दुसऱ्या डिव्हिजनमध्ये चढलेले हे लोक कॉइलच्या हाताखाली थेट पहिल्या जागेसाठी लढू लागले. ५ मे २०२३ ला शेवटचा सामना डंडीशी. डंडी दोन गुणांनी पुढे, म्हणजे क्वीन्स पार्क जिंकलं तर विजेतेपद त्यांचं. मैदानही स्वतःचं नव्हतं, स्टेनहाउसम्यूर क्लबचं उसनं घेतलेलं. आठ गोल झाले. डंडीचे पाच, क्वीन्स पार्कचे तीन. पर्थनंतर सोळा वर्षांनी पुन्हा शेवटच्या दिवशी वरची जागा निसटली. आता दुसरी संधी देणारे सामने होते, पण त्यांतही पार्टिक थिसलनं त्यांना मोठ्या फरकानं उडवलं. कॉइलनं क्लब सोडला.

जुलैमध्ये तो चेन्नईयिनकडे परतला. तो गेल्यापासूनच्या तीन हंगामांत तो संघ एकदाही बाद फेरीत गेला नव्हता. २०२४ च्या एप्रिलमध्ये सहाव्या क्रमांकानं गेला, आणि एफसी गोवाकडून २-१ नं हरला. पुढच्या वर्षी घसरून अकरावा आला. कोच म्हणून त्या दोन वर्षांत त्याच्याकडे तेच होतं जे फॉलकर्कला होतं: कोणी दुसऱ्यानं सोडलेले खेळाडू, मोजका पैसा आणि सकाळचा सराव.